आमचे वावर आणि विकासाचा अभ्यासक्रम

आंतरराष्ट्रीय विकास या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतले आहे असे यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या घाटंजी तालुक्यात कोणाला सांगितले, की पहिला प्रश्न नोकरीचा येतो आणि दुसरा अविश्वासाचा. डी.एड., नर्सिंग, तलाठी भरती, एमपीएससी या वाटा इथे सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांचे क्लास कुठे आहेत, फी किती पडते, किती वर्षे जातात आणि शेवटी किती जणांच्या हाती काय लागते, याचा हिशेब घरोघरी तोंडपाठ आहे. काही देश गरीब का राहिले आणि त्यांची गरिबी हटवण्याच्या नावाखाली आजवर काय काय झाले, हे शिकण्यासाठी इंग्लंडात जाऊन वर्ष घालवणे मात्र त्या हिशेबात कुठेच बसत नाही. मी परत आल्यावर शेजारच्या आजोबांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हंजे कापसाचं शिकाले जेथं कापूस पिकत नाई तेथं गेली व्हय वं तू?"

प्रश्न खोचक होता, पण रास्त होता. या शिक्षणाकडे दोन-तीन वर्षांच्या अंतरावरून पाहताना माझे मत असे झाले आहे, की त्यात विकास 'करण्याची' जी तंत्रे शिकवली जातात त्यांचे मोल फार नाही. दुसऱ्या खंडातील एखाद्या गावाशेजारी आपले गाव ठेवून पाहण्याची जी सवय लागते, तिच्यासाठी मात्र एवढ्या लांब जाण्यात अर्थ आहे. आपल्याकडे नापिकी, कर्ज आणि पडलेला भाव यांचा विषय निघाला की बोलणे लवकरच दोनपैकी एका ठिकाणी येऊन थांबते: एक तर नशीब, नाहीतर कास्तकाराचा स्वभाव. तो खर्चिक आहे, लग्नात पैसा उडवतो, जोडधंदा करत नाही, पश्चिम महाराष्ट्रासारखा धडपड्या नाही, असे सांगणारे आमच्यातच भरपूर आहेत. हेच सगळे आरोप पश्चिम आफ्रिकेतील कापूस उत्पादकावरही त्याच शब्दांत होतात हे कळले, की त्या आरोपांचा जोर ओसरतो.

अभ्यासक्रमाची सुरुवात बहुतेक ठिकाणी होते तशीच झाली. २० जानेवारी १९४९ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी शपथविधीच्या भाषणातील चौथ्या मुद्द्यात अविकसित प्रदेशांना तांत्रिक मदत देण्याची घोषणा केली आणि तिथून या साऱ्या उद्योगाचा जन्म मोजायचा, अशी रीत आहे. मग अर्थतज्ज्ञ वॉल्ट रोस्टो यांनी १९६० साली मांडलेल्या वाढीच्या पाच पायऱ्या, ज्यांवरून प्रत्येक देश क्रमाने वर चढत जाईल असे त्यांचे म्हणणे होते. मग त्याला उत्तर म्हणून आंद्रे गुंडर फ्रँक आणि लॅटिन अमेरिकेतील अभ्यासकांचे प्रतिपादन, की मागासलेपण ही आरंभीची अवस्था नसून जागतिक व्यापारात ज्या रीतीने ओढले गेले त्या रीतीतूनच ते घडत गेले. मग अमर्त्य सेन आणि महबूब उल हक, आणि १९९० पासूनचा मानव विकास निर्देशांक. हे सगळे कोणत्याही चांगल्या ग्रंथालयात बसून वाचता येते. तेवढ्यासाठी पासपोर्ट काढण्याची गरज नाही.

फ्रँक यांचे म्हणणे वाचताना मला वऱ्हाडची आठवण होणे अपरिहार्य होते. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात इंग्लंडातील लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, तिथले कामगार उपाशी बसले आणि इकडे वऱ्हाडातील कापसाला कधी नव्हे तो भाव आला. युद्ध संपले, भाव कोसळला, पण तोवर ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी, म्हणजे कापसाचे पीक, शिरलेली होती. १८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा आला, पुढे मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद मार्गाची शकुंतला रेल्वे आली, आणि ती कशासाठी आली हे तिच्या वाटेवरील कोणत्याही जिनिंगवाल्याला विचारावे. मँचेस्टरच्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात जुनी पिंजण्याची आणि सूत काढण्याची यंत्रे चालवून दाखवतात. त्या खडखडाटात उभे राहिले असताना शेजारची इंग्रज मुले शाळेच्या वहीत टिपणे काढत होती आणि मी मनात हिशेब करत होते, की आपण आंतरराष्ट्रीय झालो त्याला दीडशे वर्षे उलटून गेली. फक्त त्या व्यवहारात आपल्याला कोणी विचारले नव्हते.

आता वर्गातल्या वर्गात जे मिळाले नसते ते सांगते. आमच्याबरोबर मालीमधील सिकासो भागातला एक विद्यार्थी होता. सिकासो हा त्या देशाचा कापसाचा पट्टा. इंग्रजी ही त्याचीही शिकून घेतलेली भाषा, त्यामुळे आम्ही दोघेही सावकाश बोलायचो आणि कदाचित म्हणूनच नीट बोलायचो. कापसाच्या जागतिक बाजारावरील तास संपल्यावर त्याने मला विचारले, की तुमच्याकडे कापूस मोजतो कोण. मी त्याला जिनिंगच्या फाटकासमोर रात्रभर लागलेली वाहनांची रांग सांगितली. सकाळी माल पाहून व्यापाऱ्याचा माणूस मूठभर कापूस दाबून ओलावा सांगतो, कवडी म्हणजे किडका कापूस किती आहे ते सांगतो, क्विंटलमागे कपात सांगतो, आणि ट्रकभाडे आधीच अंगावर पडलेले असल्यामुळे माल परत न्यायची सोय नसते, हे सांगितले. तो हसला आणि म्हणाला, की आमचे भांडणही काट्यावरूनच सुरू झाले.

मालीत १९७४ पासून कापसाचा सगळा कारभार सीएमडीटी या कंपनीकडे होता, जिच्यात मालीचे सरकार आणि एक फ्रेंच कंपनी यांची भागीदारी होती. बी-खत उधारीवर तीच देई, कापूस तीच घेई, आणि उधारी कापून उरलेले पैसे हातावर ठेवी. आमच्या राज्यात १९७२ साली सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी योजना ज्यांना आठवते त्यांना हे वर्णन परके वाटणार नाही. तिथल्या शेतकऱ्यांचा मापात मारले जाते असा संशय होता आणि त्यातून १९७० च्या दशकात गावोगावच्या संघटनांनी वजन आणि प्रतवारी स्वतःच्या हाती घेतली. त्या कामाचा मोबदला कंपनी गावाला देऊ लागली आणि त्या पैशांतून कित्येक ठिकाणी शाळा आणि विहिरी उभ्या राहिल्या. पुढे भाव पडले, कंपनी डबघाईला आली, आणि २०००-०१ च्या हंगामात शेतकऱ्यांनी कापूस पेरायलाच नकार दिला. देशाचे उत्पादन जवळजवळ निम्म्यावर आले. माझे बाबा तरुणपणी शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला छातीवर लावून फिरलेले. त्यांना मी फोनवर ही हकीकत सांगितली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "त्याईनं पेरलंच नाई? हे आपल्याले काहून नाई जमलं?" त्या रात्री मी वाचत बसले ते याच प्रश्नासाठी. उत्तर पूर्ण मिळाले नाही. एक भाग असा दिसतो, की तिथे विकत घेणारा एकच होता आणि गावाच्या संघटनेकडे काटा होता. आमच्याकडे खेडा खरेदीवाला, अडत्या, जिनिंग, सीसीआय म्हणजे केंद्राचे कापूस महामंडळ, अशी दहा दारे आहेत आणि प्रत्येक दारात कास्तकार एकटा उभा असतो.

२००३ साली मेक्सिकोतील कान्कून येथे जागतिक व्यापार संघटनेची मंत्रिपरिषद भरली तेव्हा बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार देशांनी अमेरिकेच्या कापूस अनुदानांविरुद्ध आवाज उठवला. अमेरिकेत कापूस पिकवणारे शेतकरी जेमतेम २५ हजारांच्या आसपास आणि २००१-०२ मध्ये त्यांना मिळालेले अनुदान तीन अब्ज डॉलरांहून अधिक. परिषद फिसकटली. ब्राझीलने मात्र २००२ मध्येच रीतसर खटला गुदरला होता आणि तो जिंकला. निकालाची अंमलबजावणी टाळण्यासाठी अमेरिकेने २०१० पासून ब्राझीलला दरवर्षी १४.७३ कोटी डॉलर देण्याचे कबूल केले आणि २०१४ मध्ये आणखी ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. म्हणजे स्वतःच्या शेतकऱ्यांचे अनुदान चालू ठेवता यावे म्हणून अमेरिकेने दुसऱ्या देशाला पैसे मोजले. चार आफ्रिकी देशांकडे ब्राझीलसारखे वकील नव्हते आणि प्रत्युत्तरादाखल अमेरिकेवर दडपण आणण्याइतका व्यापारही नव्हता, त्यामुळे त्यांच्या पदरात आश्वासनांपलीकडे फारसे पडले नाही. हे वाचून कोणी सगळा दोष अमेरिकेवर टाकून मोकळे होऊ नये म्हणून हेही नोंदवते, की मार्च २०१२ मध्ये कापसाच्या निर्यातीवर अचानक बंदी आणणारे सरकार दिल्लीचे होते. बाबांच्या पिढीचा राग दिल्लीच्या हाताविरुद्ध होता, वर्गातील वाचन अमेरिकेच्या हाताबद्दल होते. गळा एकच आहे.

बियाण्याची गोष्टही अशीच शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. आपल्याकडे बोंडअळीला तोंड देण्यासाठी जनुक बदललेल्या बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली, काही वर्षांत देशी आणि साधी वाणे बाजारातून गेली, आणि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने बीटीची बोंडेही पोखरली. त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. बुर्किना फासोत बीटी २००८ मध्ये आली आणि २०१६ च्या सुमारास मागे घेण्यात आली, पण कारण अळीचे नव्हते. धागा आखूड निघू लागला, जिनिंगमधला रुईचा उतारा घटला आणि बाजारातील त्यांच्या कापसाचे नाव खाली आले, म्हणून कापूस कंपन्यांनीच ती बंद करायला लावली. एका ठिकाणी गिरणीचे नुकसान झाले तेव्हा निर्णय झाला. दुसऱ्या ठिकाणी वावरात माणसे पडली तेव्हा चौकशी समिती बसली. या दोन वाक्यांवर प्रबंध लिहिता येईल, आणि कोणी तरी विदर्भातल्या विद्यार्थ्याने तो लिहावा असे मला फार वाटते.

रॉबर्ट चेंबर्स यांचे नाव या अभ्यासात टळत नाही आणि टळूही नये. इंग्लंडातील ससेक्स येथील विकास अभ्यास संस्थेत त्यांनी आयुष्य घालवले आणि १९८३ च्या आपल्या पुस्तकात ग्रामीण गरिबी अभ्यासायला जाणाऱ्या शहरी माणसाची चांगलीच झडती घेतली. असा माणूस डांबरी रस्त्याच्या कडेची गावे पाहतो. जिथे आधीच प्रकल्प चालू आहे तिथे जातो. पुढाऱ्यांशी, पुरुषांशी, धडधाकट माणसांशी बोलतो. आणि पावसाळा संपल्यावर येतो, असे त्यांचे निरीक्षण आहे. मी ते प्रकरण वाचले तेव्हा मला आमच्या भागातली शिरस्त्याची पाहणी डोळ्यांपुढे दिसली. यवतमाळहून हमरस्त्याला लागून असलेल्या काही गावांत इतक्या पाहण्या झाल्या आहेत, की तिथली म्हातारी माणसे प्रश्नावली पाहून कोणत्या खात्याची आहे ते ओळखतात. नाल्यापलीकडच्या कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, मात्र कोणी फिरकत नाही, कारण जुलैत नाल्याला पूर असतो आणि डिसेंबरात तिथली माणसे वेचणीला बाहेर गेलेली असतात.

आणि खरी तंगी जुलै-ऑगस्टातच असते. घरातले धान्य संपत आलेले, बी-खताची उधारी नुकतीच झालेली, निंदण-डवरणीची मजुरी रोख द्यावी लागते, पोराच्या शाळेचा खर्च याच महिन्यांत, हगवण आणि तापही याच महिन्यांत, आणि बँकेचे पीककर्ज अजून मंजुरीच्या फायलीत. पाहणी करणारे येतात तेव्हा दिवाळी होऊन गेलेली असते, ओसरीवर कापसाचा ढीग असतो, आणि पाहुण्यांच्या ताटात वरणभाताबरोबर चार गोष्टी जास्त वाढलेल्या असतात. त्या ढिगाकडे बोट दाखवून 'परिस्थिती तशी बरी आहे' असे लिहून घेणारे एक साहेब मी लहानपणी आमच्याच ओसरीवर पाहिले आहेत. तो ढीग कोणाच्या नावे आधीच लागलेला आहे हे त्यांच्या रकान्यात येत नव्हते. चेंबर्स यांनी हे चाळीस वर्षांपूर्वी लिहून ठेवले. ते वाचून परीक्षेत गुण मिळवणारे लोक आजही डिसेंबरातच येतात, कारण सुट्ट्या तेव्हा असतात आणि आर्थिक वर्षातला निधी मार्चपूर्वी संपवायचा असतो.

लेसोथोच्या गायींनी मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले. दक्षिण आफ्रिकेने चहूबाजूंनी वेढलेल्या त्या छोट्या देशात १९७५ पासून जागतिक बँक आणि कॅनडा यांच्या पैशांवर थाबा-त्सेका हा डोंगरी भागाचा प्रकल्प राबवला गेला. आराखड्यात लेसोथो हा बाजारापासून तुटलेल्या अडाणी शेतकऱ्यांचा देश होता, म्हणून रस्ते, सुधारित गुरे आणि विक्रीची व्यवस्था हा उपाय ठरला. प्रत्यक्षात तिथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत मजुरी करत होते आणि गुरे ही त्यांच्या म्हातारपणाची ठेव होती, विकायचा माल नव्हता. प्रकल्प फसला. जेम्स फर्ग्युसन या मानववंशशास्त्रज्ञाने १९९० च्या आपल्या अभ्यासात दाखवले, की फसल्यानंतरही तो काहीतरी करून गेला: सरकारी कचेऱ्या डोंगरापर्यंत पोहोचल्या, आणि मजुरी, जमीन, सत्ता यांचा राजकीय प्रश्न तांत्रिक होऊन बसला.

२००६ च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. त्यात सिंचन होते, व्याजमाफी होती, आणि दुधाळ जनावरेही होती. जिथे उन्हाळ्यात माणसांना पाणी नाही, हिरवा चारा नाही, दूध घेणारी डेअरी जवळपास नाही, तिथे संकरित गायी आल्या. आमच्या गल्लीत एका घरी आलेली गाय मला चांगली आठवते. तिच्यासाठी ढेप विकत आणावी लागे आणि ढेपेचा खर्च दुधातून निघत नसे, त्या घरच्या काकू म्हणायच्या, "हे सरकारची सून हाय, हिले उपाशी ठेवता येत नाई." वर्षभराने ती बाजारात गेली. फर्ग्युसन यांनी यवतमाळ पाहिलेले नाही, पण त्यांचे पुस्तक वाचल्यावर ती गाय मला दुसऱ्यांदा समजली. भाव आणि पतपुरवठा हा प्रश्न होता. गाय देणे सोपे होते, आणि दिलेली गाय मोजताही येते.

मोजण्यावरून आठवले. जागतिक बँकेची अतिदारिद्र्याची रेषा २०२२ मध्ये माणशी रोज २.१५ डॉलर होती, जून २०२५ पासून ती ३ डॉलर झाली. हे डॉलर बाजारातील विनिमय दराने रुपयांत बदलायचे नसतात. क्रयशक्तीच्या समतेने, म्हणजे तेवढ्या पैशांत त्या त्या देशात काय विकत मिळते त्यावरून, बदलायचे असतात आणि त्या हिशेबात एक डॉलर साधारण २० रुपयांच्या आसपास बसतो. हे एकदा नीट समजले, की वर्तमानपत्रांतील निम्म्या बातम्या वाचण्याची पद्धत बदलते. एवढा एक तास तरी आपल्या प्रत्येक पदवी महाविद्यालयात व्हावा.

उरलेल्या अभ्यासक्रमाबद्दल मी कडवट बोलणार आहे. प्रकल्प व्यवस्थापन नावाचा जो भाग असतो त्यात लॉगफ्रेम नावाचा तक्ता शिकवतात, जो अमेरिकेच्या मदत संस्थेसाठी १९६९ मध्ये तयार झाला आणि तिथून जगभरच्या संस्थांच्या मानगुटीवर बसला. निविष्ठा, कृती, फलित, परिणाम, आणि शेवटच्या रकान्यात गृहीतके. आमच्या जिल्ह्याचे सगळे आयुष्य त्या शेवटच्या रकान्यात मावते: 'पाऊस सरासरीइतका पडेल', 'बाजारभाव स्थिर राहतील'. वर्गातील काही मित्रमैत्रिणींना हा तक्ता भरण्यात गोडी होती आणि त्यांना पुढे नोकऱ्याही लवकर लागल्या, हे मान्य केले पाहिजे. पण त्या नोकऱ्यांचे दिवसही आता तसे राहिलेले नाहीत. ब्रिटनचे स्वतंत्र विकास खाते २०२० मध्ये परराष्ट्र खात्यात विलीन झाले, २०२१ मध्ये मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून ०.५ वर आली, आणि २०२७ पर्यंत ०.३ वर नेण्याची घोषणा २०२५ मध्ये झाली. अमेरिकेची ती मदत संस्था तर २०२५ च्या जुलैत बंदच झाली. भारतात २०२० च्या कायदादुरुस्तीने परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यावर बंदी आली, त्यामुळे तालुक्याच्या लहान संस्था सुकल्या. आता पैसा आहे तो कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीत, आणि तो कारखान्याच्या आसपास फिरतो. घर गहाण ठेवून, फक्त नोकरीसाठी कोणी हे शिक्षण घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगते. ब्रिटनच्या चेव्हनिंग आणि राष्ट्रकुल शिष्यवृत्त्या, केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती, यांपैकी काही मिळाले तर जावे. नाही मिळाले तर देशातही हा विषय चांगला शिकवणाऱ्या जागा आहेत.

एक उणीव मात्र मला तिथे सतत खुपली. आर्थर लुईस यांनी १९५४ मध्ये शेतीतील अतिरिक्त श्रमांचा सिद्धान्त मांडला, त्यांना पुढे नोबेल मिळाले, आणि त्यांच्यापासून वाचनाची यादी सुरू झाली. शेतीवर जास्तीची माणसे अडकून पडली आहेत, जमिनीचे तुकडे जोडून हा प्रश्न सुटणार नाही, त्या माणसांना उद्योगांत काम मिळाले पाहिजे, हा विचार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ च्या लहान धारणक्षेत्रांवरील निबंधात मांडलेला होता. दोन्हींची बांधणी वेगळी आहे हे खरे, पण छत्तीस वर्षे आधीचा विचार तळटीपेतही नसावा याचे नवल वाटते. तीच गत जे. सी. कुमारप्पांची. तेही आंबेडकरांप्रमाणेच कोलंबिया विद्यापीठात शिकलेले. गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनी वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा केला, १९३० च्या दशकाअखेर मध्य प्रांत आणि वऱ्हाडातील शेकडो गावांची औद्योगिक पाहणी केली, आणि निसर्गाचे भांडवल खाऊन चालणारी अर्थव्यवस्था टिकत नाही हे १९४५ मध्ये लिहून ठेवले. शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टे संयुक्त राष्ट्रांनी ठरवली ती २०१५ मध्ये. मी चर्चेच्या तासाला कुमारप्पांचे नाव घेतले तेव्हा शिक्षकांनी मनापासून टिपून घेतले, त्यांचे शब्दलेखन विचारले. दोष त्यांच्या एकट्यांचा कसा म्हणावा? यवतमाळहून वर्धा तास-दीड तासाच्या अंतरावर आहे, आणि आमच्या महाविद्यालयातही कुमारप्पा कोणी शिकवला नव्हता.

परत आल्यावर मी गडचिरोलीतील मेंढा (लेखा) येथे गेले. धानोरा तालुक्यातील हे गोंड गाव. २००९ मध्ये त्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये आपला बांबू आपण विकण्याचा अधिकारही. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा सगळ्यांना माहीत आहे. ग्रामसभा निर्णय सर्वसहमतीने घेते, हेही बऱ्याच जणांना माहीत असते. माझे लक्ष तिथल्या अभ्यास गटाने वेधले. निर्णय घेण्याची जागा ग्रामसभा, आणि तिच्यापूर्वी विषय समजून घेण्याची जागा अभ्यास गट. तिथे बाहेरचा जाणकारही बसतो, पण निर्णयात त्याला मत नसते. कायदा, जंगलाचा आराखडा, बांबूचा हिशेब हे सगळे असे वर्षानुवर्षे बसून शिकले गेले. पदव्युत्तर वर्गात आम्ही सहभागाचे सिद्धान्त वाचले होते, सहभागाच्या पायऱ्यांवर निबंध लिहिले होते. जाणकाराने बोलावे आणि मग बाजूला व्हावे, ही एवढी साधी व्यवस्था त्या निबंधांत कुठे आली नव्हती.

यंदा केळापूर तालुक्यातील एक मुलगी याच शिक्षणासाठी अर्ज भरते आहे आणि तिच्यासोबत मी तिचे हेतुपत्र पाहते. पहिल्या मसुद्यात तिने मातृभूमीच्या सेवेबद्दल बरेच लिहिले होते. ते आम्ही काढून टाकले. तिची आई वेचणीला जाते, पोटाला ओटी बांधून, किलोच्या हिशेबाने. वेचणीचा दर दरवर्षी वाढतो, कास्तकार म्हणतो की मजुरीनेच मारले, आणि तरी हंगामाअखेर आईच्या हातात उरते ते जवळजवळ तेवढेच. हे कसे, असा या मुलीचा प्रश्न आहे. मी तिला म्हटले, दर सोड, आधी दिवस मोज. तिने आईला विचारले. बोंडअळीनंतर फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच पऱ्हाटीवर पुन्हा येणारे पीक, घेऊ नका, डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा, असे कृषी खाते सांगू लागले आणि ते बरोबरच आहे, पण त्याचा अर्थ असा झाला की शेवटच्या वेचण्या गेल्या. "फरदड बंद झाली तवापासून माघ रिकामाच जाते," असे तिची आई म्हणाली. अळीच्या बंदोबस्तासाठी दिलेल्या सल्ल्याची किंमत वेचणाऱ्या बाईने मोजली आणि ती कोणत्याही तक्त्यात आली नाही. हेतुपत्राला शब्दमर्यादा आहे, त्यामुळे हे सगळे त्यात बसत नाही. एवढाच परिच्छेद ठेव, गांधी-विनोबांची वाक्ये काढ, असे मी तिला सांगितले आहे. ती वाक्ये तिच्या सरांनी घालायला लावलेली असल्यामुळे ती अजून तयार नाही.